आमरी सगळ्यात शेवटी

माझी पहिली काचेची बाग २३ दिवस टिकली. लोणच्याच्या बरणीसारखी गोल बाटली, तळाशी रंगीत खडे, वर काळी माती, तिच्यात खोचलेला एक नेचा, म्हणजे फर्न, आणि शेजारी नखाएवढ्या पानांची एक आमरी, म्हणजे ऑर्किड. झाकण लावलं, काचेवर वाफ धरली आणि मला वाटलं, झालं जंगल तयार! चौथ्या आठवड्यात आमरीच्या पानाला बोट लावलं तर ते देठापासून अलगद सुटून हातात आलं. आतून नुसता पिवळट चिखल. नेचा मात्र मजेत होता, त्याने तोवर दोन नवीन पानं उलगडली होती.

बाटली तीच, पाणी तेच, मग एक जगला आणि दुसरी कुजली ती का? हे कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं, म्हणून आधी तेवढं सांगते.

काचबागेत लावतात ते बहुतेक नेचे ओढ्याकाठचे, दरडीवरचे, सावलीतल्या ओल्या पालापाचोळ्यातले. त्यांच्या मुळांना सतत ओल चालते. छोट्या आमरींपैकी बहुतेक मात्र झाडाच्या फांदीवर राहणाऱ्या. फांदीवर धुकं येतं, मुळं भिजतात, मग वारा सुटतो आणि तासा-दोन तासांत मुळं पुन्हा कोरडी. त्यासाठीच त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं एक आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी पांढरं दिसतं, भिजलं की हिरवं. आमरीला दमट हवा हवी असते, पण ओली माती आणि कोंडलेली हवा सोसत नाही. बाटलीत मी तिला नेमकं तेच दिलं होतं.

म्हणून पेटी दुमजली करायची. तळमजला नेच्यांचा, मागची भिंत आमरींची. लावतानाही क्रम हाच: आधी पेटी, मग नेचे, मग दीड-दोन महिने काही नाही, आणि आमरी सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला, एकदा नाही, तीनदा.

पेटी कशी हवी

बाटली, बरणी, गोल फुलदाणी हे सगळं नेच्यासाठी ठीक आहे. या प्रकाराची सुरुवातही एका बाटलीतल्या नेच्यानेच झाली. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली झाकून ठेवली होती. पतंगाकडे लक्ष ठेवता ठेवता त्यांना दिसलं की मातीत एक नेचा आणि थोडं गवत उगवलंय. बाहेर लंडनच्या काजळीत त्यांचे नेचे मरत होते आणि इथे बाटलीत एक आपोआप वाढत होता. पुढे त्यावरून काचेच्या बंद पेट्या निघाल्या. चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून, जहाजावर. पण वॉर्डसाहेबांच्या बाटलीत आमरी नव्हती, हे लक्षात ठेवा!

आमरीसाठी समोरून उघडणारी, उंच पेटी घ्या. माझी १ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच आहे. तयार विकत मिळते, पण महाग पडते. मी माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडून ५ मिलिमीटर काचेची करून घेतली. त्याला फक्त तीन गोष्टी नीट समजावून सांगाव्या लागल्या. पुढची काच खिडकीसारखी सरकती हवी, तिच्यासाठी यू चॅनल, म्हणजे यू आकाराची खाचेची पट्टी, लाव. त्या काचेखाली दोन बोटं उंचीची पट्टी मोकळी सोड, तिथे स्टीलची बारीक जाळी. आणि वरचं झाकण पूर्ण काचेचं नको, मागच्या बाजूला तेवढीच जाळीची पट्टी. खालून गार हवा आत शिरते, वरून दमट हवा बाहेर पडते. चुलीच्या धुराड्याचं तत्त्व. जाळी खूप मोठी केली तर उन्हाळ्यात पेटी कोरडी पडते, म्हणून पट्टीच पुरे. जास्त वाटली तर चिकटपट्टीने अर्धी झाकता येते, नसलेली जाळी मात्र नंतर पाडता येत नाही.

पाणी काढायला तळाला भोक हवं असेल तर ते जोडणीआधीच पाडायला सांगा. टफन केलेल्या काचेला भोक पडत नाही, ती फुटते. भोक नको असेल तर साधा उपाय आहे, तो पुढे सांगते.

तळ

सगळ्यात खाली ४-५ सेंटिमीटर भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर, नर्सरीत त्यांना लेका म्हणतात. त्या हलक्या असतात आणि जादा पाणी मुळांपासून दूर, खाली साठू देतात. रंगीत खडे नकोत, वजन वाढतं आणि उपयोग शून्य. मागच्या कोपऱ्यात बोटाएवढ्या जाडीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा ठेवा, तळापासून मातीच्या वर येईल असा. खाली पाणी किती साठलंय ते टॉर्चने त्यातून दिसतं, आणि मोठ्या सिरिंजला ॲक्वेरियमची नळी जोडून ते ओढून काढता येतं. भोक पाडायची गरज उरत नाही ती यामुळे.

गोळ्यांवर मच्छरदाणीची नायलॉन जाळी, कापून, कडा वर दुमडून. ती नसेल तर सहा महिन्यांत वरचं मिश्रण खाली झिरपतं आणि तळाचा चिखल होतो.

मिश्रणात बागेची माती अजिबात नको. ती दाबली जाते, हवा धरत नाही. अमेरिकेतल्या अटलांटा बोटॅनिकल गार्डनच्या नावाने ओळखलं जाणारं एक मिश्रण जगभर वापरतात. त्यात वृक्षनेच्याच्या खोडाचे तंतू असतात. ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी कुठून आले याची खात्री नसते. मी असं करते: कोको चिप्स ३ भाग, पाइनची साल २ भाग, कोकोपीट १ भाग, सुकं स्फॅग्नम शेवाळ कात्रीने कापून १ भाग, लोणारी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे १ भाग. कोळसा लाकडाचाच हवा. दगडी कोळसा नको आणि बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्याही नकोत.

कोकोपीट आणि चिप्स यांच्याबाबत एक खबरदारी. नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळे त्यांच्यात मीठ राहतं. बादलीत भिजवा, रात्रभर ठेवा, पिळा, पाणी फेका. असं निदान तीन वेळा. नेच्यांच्या पानांची टोकं तपकिरी पडली की सगळे पाण्याला दोष देतात, पुष्कळदा दोष न धुतलेल्या कोकोपीटचा असतो.

मिश्रणाचा थर पुढे ५ सेंटिमीटर, मागे ८-९. उतार दिला की मागचं नीट दिसतं आणि पेटी खोल वाटते.

भिंत, आणि कौलाचा उपयोग

परदेशी चित्रफितींत मागच्या काचेवर फोम फवारून, कोरून, त्याला सिलिकॉन फासून कोकोपीट चिकटवलेलं दिसतं. करता येतं. पण त्यात चार दिवस जातात, हात खराब होतात आणि पहिल्या पेटीत ते हमखास बिघडतं. कॉर्क ओकची साल उत्तम, आणि तिची किंमत वाचूनच मी कौलाकडे वळले.

जुनं मंगलोरी कौल. कोकणात पावसाळ्यात कौलांवर शेवाळ आणि बारीक नेचे कसे धरतात ते पाहिलंय ना? भाजलेली माती सच्छिद्र असते, खालून पाणी शोषून वर चढवते. कौलाचा तुकडा मिश्रणात रोवून मागच्या काचेला टेकवला, की खालची चार-पाच बोटं कायम ओलसर राहतात आणि वर जावं तसा तो कोरडा होत जातो. एकाच तुकड्यावर नेच्याची जागा खाली आणि आमरीची वर, आपोआप ठरलेली. रंग लावलेलं किंवा सिमेंट लागलेलं कौल घेऊ नका. सिमेंटमधला चुना आमरीला चालत नाही. ब्रशने घासा, मोठ्या पातेल्यात वीस मिनिटं उकळा, वाळवा. मग पेटी पाठीवर आडवी ठेवून सिलिकॉनचे चार मोठे ठिपके देऊन तुकडे चिकटवा. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारख्या वासाचं घ्या. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते नको. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच दिवस, पेटी उघडी ठेवा.

जांभा दगडही चालतो, दिसतो तर फारच छान. पण वजन! एक छोटा तुकडा पुढच्या बाजूला, बस. मधोमध ॲक्वेरियमच्या दुकानातलं ड्रिफ्टवुडचं एखादं वेडंवाकडं लाकूड ठेवलं की त्याच्या वरच्या फांद्या म्हणजे आमरींच्या सगळ्यात मोक्याच्या जागा. बागेतली आंब्याची फांदी मी वापरून पाहिली, सहा महिन्यांत तिच्यावर भूछत्रं आली आणि आठव्या महिन्यात ती मोडली.

दिवा आणि पंखा

खिडकीतलं ऊन नको. एकदा रविवारी पेटी पुसायला म्हणून मी ती गॅलरीच्या दाराशी ठेवली आणि फोन आला म्हणून आत गेले. पाऊण तासाने परतले तेव्हा नेचे उकडलेल्या पालकासारखे झाले होते. बंद काचेत सूर्य शिरला की ती पेटी राहत नाही, भट्टी होते.

वर ६५०० केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, १०-१२ वॅटचा एलईडी पुरतो. स्वस्तातला टायमर लावा, रोज १० ते ११ तास. हाताने चालू-बंद करायचं ठरवलंत तर आठवड्याभरात विसराल. प्रकाश कमी पडला की पानं गर्द हिरवी आणि लांबट होतात, आमरी फुलत नाही. जास्त झाला की पानांवर लालसर किंवा पिवळट छटा येते. हलकी लाली ही आमरीच्या दृष्टीने चांगली खूण, नेच्याच्या दृष्टीने वाईट. दुमजली रचना इथेही उपयोगी पडते: वरचा उजेड आमरी घेतात, खाली गाळून नेच्यांना मिळतो.

पंख्याबद्दल नवखे लोक विचारतच नाहीत, आणि बहुतेक आमरी त्याच्यावाचून मरतात. संगणकातला छोटा पंखा, १२ व्होल्टचा, ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर संथ चालवा. (जोडणी जमत नसेल तर यूएसबीवरचा तयार पंखा मिळतो.) तो आत, वरच्या कोपऱ्यात, झाडांकडे नाही तर काचेकडे तोंड करून. हवा बाहेर फेकायची नाही, आतल्या आत फिरवायची. नेच्याचं सगळ्यात नाजूक पान जेमतेम हललं की वारा पुरेसा. माझी कसोटी अशी: सकाळी फवारा मारल्यावर पुढची काच धुरकट होते, ती दोन तासांत स्वच्छ व्हायला हवी. दुपारपर्यंत धुरकटच राहिली तर हवा कोंडतेय. दहा मिनिटांत स्वच्छ झाली तर जाळी थोडी झाका.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र लावायचं तर लावा, ७० ते ९० टक्क्यांमध्ये राहिली की झालं. पण मी यंत्रापेक्षा काचेवर आणि मुळांच्या रंगावर जास्त भरवसा ठेवते.

पाणी

बोअरवेलचं पाणी नको. पानांवर आणि काचेवर पांढरे डाग पडतात, आणि मुळांवर काय होतं ते दिसत नाही एवढंच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची कांडी दोन-तीनशे रुपयांत मिळते. ५० च्या आतलं पाणी आमरीला उत्तम. घरच्या आरओ यंत्रातून येणारं पाणी मोजून पाहा, कारण चव यावी म्हणून पुष्कळ यंत्रांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. पावसाळ्यात गच्चीवर बादल्या लावा. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्या, त्यांत हवेतली आणि छपरावरची धूळ येते. एसीचं टपकणारं पाणी वापरू का, असं सगळे विचारतात. कागदावर ते शुद्ध असतं, पण तांब्याच्या नळ्यांवरची घाण आणि धूळ सोबत घेऊन येतं. मी फरशी पुसायला वापरते.

फवारा सकाळी. संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्यात पाणी उरता कामा नये, आमरी कुजते ती तिथून. पावसाळ्यात पुण्यात मी एक दिवसाआड फवारते, एप्रिल-मेमध्ये रोज दोनदा. खत म्हणजे पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला पाव ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पाव ग्रॅम म्हणजे चमच्याच्या टोकावर चिमटीहून कमी. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण शेतासाठी असतं, पेटीत ते दिलंत तर नेच्यांची टोकं जळतील.

नेचे

आता लावणी. या आकाराच्या पेटीत तीन, फार तर चार नेचे. लावल्या दिवशी पेटी रिकामी वाटते आणि हात पुन्हा नर्सरीकडे वळतो. थांबा.

तळमजल्याला लेमन बटन फर्न सगळ्यात सोपा. गोल गोल छोटी पानं, चुकांना माफ करणारा. वाढला की जुनी पानं बुडापासून कापायची. सिलॅजिनेला नर्सरीवाले नेच्यांतच विकतात. तो खरा नेचा नाही, नेच्यांचा लांबचा भाऊ, पण गालिच्यासारखा पसरतो आणि मोकळी माती झाकतो. फार पसरला तर दर महिन्याला हजामत. हंसराज सुंदर दिसतो, विहिरींच्या दगडी कठड्यांवर आपोआप येणारा तोच. पण तो लवकर मोठा होतो. घेतलात तर मागच्या कोपऱ्यात. त्याची मुळं एकदा कोरडी पडली की सगळी पानं कुरकुरीत होतात. झाड टाकून देऊ नका, बुडापासून कापा, ओल राखा, बहुधा पुन्हा फुटतो.

कौलाच्या खालच्या भागावर सरपटणारे नेचे लावा. लेमाफायलमची पानं मेथीच्या पानापेक्षा जरा मोठी आणि मांसल, पायरोसिया नमुलॅरिफोलियाची नाण्यासारखी गोल. हे दोन्ही नेचे दोऱ्यासारख्या आडव्या खोडाने चढत जातात. ते खोड मातीत पुरायचं नाही. नवशिक्यांकडून नेच्यांच्या बाबतीत होणारी मुख्य चूक हीच. खोड कौलावर ठेवा, खाली ओल्या स्फॅग्नमचा पातळ थर, वर मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याचे दोन वेढे. दीड महिन्यात ते स्वतः पकड घेतं.

नर्सरीतून आणलेलं रोप कुंडीच्या मातीसकट आत टाकू नका. मुळं बादलीत हलवून धुवा, जुनी पानं काढा. आणि त्याआधी तीन-चार आठवडे झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात वेगळं ठेवा. का ते गोगलगाईंच्या वेळी सांगते.

मधले आठ आठवडे

आता वाट पाहायची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाकडावर कापसासारखी पांढरी बुरशी येईल. घाबरू नका, औषध मारू नका. नवीन पेटीत ती येतेच आणि खायला काही उरलं नाही की जाते. तिला खाणारे स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटरभर पांढरे जीव आत सोडा. हे बाळगणाऱ्यांकडून छोटी डबी मिळते. डबीत ओल्या कोळशावर चार दाणे तांदूळ टाकून ठेवले की ते वाढत राहतात. कोळशावर पाणी ओतलं की पृष्ठभागावर तरंगतात, तेच पाणी पेटीत ओतायचं. एकदा ते रुळले की पेटी स्वतःची साफसफाई करू लागते.

या आठवड्यांत तुम्हाला पेटीची खोड कळते. कुठे पाणी ठिबकतं, कुठला कोपरा कधीच सुकत नाही, दुपारी आत किती तापतं. छोटा थर्मामीटर आत ठेवून नोंद करा. हे कळण्याआधी आमरी लावणं म्हणजे तिला अंधारात ढकलणं.

आणि आता आमरी

पहिली एकच लावा. बळीचा बकरा म्हणा हवं तर. ती महिनाभर ठीक राहिली की पुढच्या आणा.

पहिल्या खेपेला मी लुडिसिया डिस्कलर सुचवेन. ती फांदीवरची नाही, जमिनीवरची, म्हणून तळमजल्यावरच राहते. गडद, मखमली, जांभळट काळी पानं आणि त्यांवर तांब्याच्या तारेसारख्या रेषा. तिच्यासाठी मिश्रणात चिप्स जास्त घाला आणि आडवं खोड पृष्ठभागावर टेकवून ठेवा. तुकडा मोडला तर तोही रुजतो. तिची बहीण मॅकोडीस पेटोला, हिरव्या पानावर सोनेरी जाळी. ती जरा नखरेल आहे, पण जमते.

भिंतीसाठी तैवानची हारेला रेट्रोकॅला. दोन-अडीच इंचांचं झाड, त्यावर मधमाशीसारखं दिसणारं पिवळं-तपकिरी फूल, वास लिंबासारखा. डिनेमा पॉलिबल्बॉन चढत चढत लाकूड झाकतं, उकाडाही सोसतं. स्पेक्लिनिया ग्रोबाय हे चमच्यांच्या जुडग्यासारखं झाड, सुईसारख्या देठावर पिवळसर फुलं. फुलं बघायला भिंग लागेल.

काय घेऊ नये तेही सांगते, कारण विकणारे सांगत नाहीत. मॅसडेव्हालिया आणि लेपँथस यांचे फोटो पाहून जीव जातो. त्यांतल्या बहुतेक अँडीजच्या धुक्याच्या डोंगरांतल्या, गार रात्रीच्या. नागपूरच्या मे महिन्यात त्या एक आठवडाही काढणार नाहीत आणि मुंबईच्या रात्रींचा उकाडाही त्यांना मारायला पुरेसा आहे.

लावायची पद्धत. मुळं नीट पाहा. टणक पांढरी किंवा हिरवी मुळं जिवंत, दाबल्यावर पोकळ किंवा तपकिरी लिबलिबीत असतील ती मेलेली. मेलेली कापा, ब्लेड आधी ज्योतीवर धरून. उरलेली दहा मिनिटं पाण्यात. मग स्फॅग्नमचा चिंचोक्याएवढा तुकडा मुळांमागे, मोठा नको. जेवढं जास्त शेवाळ तेवढी जास्त ओल, आणि आपली बाटली आठवते ना? कौलाच्या वरच्या भागावर किंवा लाकडाच्या फांदीवर झाड टेकवा आणि नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधा. हलता कामा नये. हललं की नवीन मुळाचं टोक घासून मरतं. दोरा बांधायला जागा नसेल तर सुपरग्लूचा एक थेंब जुन्या मुळावर चालतो. ऐकायला विचित्र, पण झाडाला त्याचा त्रास होत नाही. पानांचं बेचकं थोडं खाली झुकेल असं लावा, पाणी साठत नाही.

पुढचे चार-सहा आठवडे काहीच होणार नाही. मग मुळाला हिरवं किंवा लालसर चमकदार टोक दिसेल. ते दिसलं की झाडाने जागा मान्य केली.

एप्रिल-मे

पुण्यात बाहेर ३९-४० झालं की माझ्या खोलीत ३३-३४ असतं आणि पेटीत त्याहून दोन-तीन अंश जास्त. त्या दोन महिन्यांत मी दिव्याची वेळ बदलते: पहाटे ५ ते दुपारी ३. म्हणजे घर सगळ्यात तापतं त्या वेळी दिव्याची उष्णता तरी भर घालत नाही. पंखा अखंड. पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीजवळ. गारवा खाली बसतो. बर्फाच्या बाटल्या आत ठेवणं मी करून पाहिलं. तासभर गार, मग काचेवर पाण्याच्या धारा आणि आमरींच्या बेचक्यात तळी. परत केलं नाही.

गोगलगाई

दोन-तीन मिलिमीटरच्या, चपट्या शंखाच्या. दिवसा दिसत नाहीत. मुळाची हिरवी टोकं आणि कळ्या खातात. सहा महिने वाट पाहिलेली कळी एका रात्रीत नाहीशी होते. त्या येतात रोपाच्या मुळांतून आणि कंपाउंडच्या भिंतीवरून खरवडून आणलेल्या शेवाळातून. म्हणूनच तो वेगळा डबा. आल्याच, तर रात्री काकडीची चकती ठेवा, दोन तासांनी टॉर्च घेऊन चकतीसकट उचला. हे महिनाभर. पिठ्या ढेकूण दिसला तर कानकाडीला स्पिरिट लावून टिपा. कीटकनाशक फवारलंत तर ढेकणाआधी स्प्रिंगटेल मरतील.

आंबोलीहून आणलेली आमरी

पावसाळी सहलीत वाटेवर पडलेली फांदी दिसते, तिच्यावर आमरी असते, आणि मन म्हणतं, ही तर मरणारच आहे. अभयारण्यातून आणि राखीव जंगलातून काहीही उचलणं बेकायदा आहे, हे एक. दुसरं कारण बागकामाचं. सह्याद्रीतल्या आमरींना चार महिने धुवांधार पाऊस आणि पुढे आठ महिने जवळजवळ कोरडं, अशी सवय आहे. डेंड्रोबियम बार्बाट्युलम पानं गाळून, नुसत्या काड्यांवर, ऐन कोरड्या दिवसांत फुलतं. जमिनीवरच्या हॅबेनारिया पावसाळा संपला की कंदात जाऊन झोपतात. बारमाही ओल्या पेटीत त्यांना झोपच मिळत नाही आणि त्या कुजतात. सीतेची वेणी ही आमरी तर तुमच्या पेटीत मावणारही नाही. प्रयोगशाळेत बीपासून वाढवलेली, नर्सरीची पावती असलेली रोपं घ्या.

आठ-दहा महिन्यांनी ओल्या कौलावर बारीक, हिरव्या, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या खवल्या दिसू लागतील, तीळ ते नख एवढ्या. शेवाळ समजून माझ्या एका मैत्रिणीने जुन्या टूथब्रशने त्या साफ केल्या. त्या नेच्यांच्या बीजाणूंतून आलेल्या असतात. नेच्याची ही मधली पिढी. तिच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असला तरच पुढचं फलन होतं आणि खवलीच्या खाचेतून पहिलं इवलंसं पान वर येतं. त्या भागावर फवारा जरा जास्त मारा आणि ब्रश लांब ठेवा.